लिस्बनमधली पायी भटकंती (गाईडसकट): बादली, गेंडा आणि सासूबाईंचे गुडघे

पायताण

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात लिस्बनला पाच दिवस होतो, मी, नवरा आणि सासूबाई (वय ६९, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, उत्साह माझ्या दुप्पट). पहिल्याच दिवशी गाईडबरोबरची पायी टूर केली, ती ‘आधी पैसे नाहीत, शेवटी टीप द्या’वाली, तीन तास म्हणाले आणि पावणेचार झाले. त्यावरच लिहितेय, बाकी काय खाल्लं कुठे राहिलो ते विचारलंत तर प्रतिसादात सांगेन.

टूर रोसियो चौकातून सुरू झाली. पूर्ण चौकभर काळ्यापांढऱ्या दगडांची लाटालाटांची फरशी आहे, फोटोत सगळ्यांनी बघितली असेल. प्रत्यक्षात सपाट असूनही चालताना पाय वरखाली पडतो असं वाटतं, सासूबाईंनी माझा दंड जो धरला तो सोडलाच नाही. लहान लहान दगड हाताने ठोकून बसवतात आणि वर्षानुवर्षं चालून चालून ते असे गुळगुळीत होतात की पाऊस नसताना पण घसरतं. मी घसरलेच, दुसऱ्या दिवशी, त्याचं नंतर.

चौकाच्या उत्तरेला मोठं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. गाईड (लिस्बनचीच मुलगी, इतिहास शिकलेली, आवाज खणखणीत) म्हणाली की याच जागी आधी इन्क्विझिशनचा (म्हणजे पाखंडी ठरवून खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा) वाडा होता. तिथून दोन मिनिटांवर सांतु दुमिंगुशचं चर्च. बाहेरून साधं आहे. आत गेल्यावर गप्प व्हायला होतं. १९५९ साली आग लागली होती, नंतर छप्पर नवीन घातलं पण खांब आणि भिंती तशाच ठेवल्यात, जळून तडकलेल्या, ढलप्या उडालेल्या. आणि आगीच्या कितीतरी आधी, १५०६ च्या एप्रिलमध्ये, याच चर्चमधून ज्यूंची कत्तल सुरू झाली. हे ज्यू म्हणजे जबरदस्तीने ख्रिश्चन केलेले, त्यांना ‘नवे ख्रिश्चन’ म्हणायचे. बाहेर चौकात त्याचं स्मारक आहे, वर दाविदाचा तारा. त्याच्या शेजारच्या पायऱ्यांवर आफ्रिकन बायका कसल्या कसल्या बिया विकत बसल्या होत्या आणि समोर चेरीच्या दारूचं वीतभर दुकान, तिथे लोक उभ्याउभ्या छोटे पेले रिचवत होते. सगळं एकाच चौकात. सासूबाई चर्चमध्ये पाच मिनिटं बसल्या, काही बोलल्या नाहीत.

मग बाइशा, म्हणजे खालचं शहर. इथे १७५५ चा भूकंप. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, सकाळी साडेनऊच्या सुमारास, चर्चं माणसांनी भरलेली आणि सगळीकडे मेणबत्त्या. आधी धक्के, मग वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले आणि तिथेच त्सुनामी आली, आणि वर शहर पाच-सहा दिवस जळत राहिलं. राजाचा वाडा नदीकाठी होता तो गेला, सहा-सात महिन्यांपूर्वी उघडलेलं ऑपेरा हाऊस गेलं. राजा जोझे पहिला त्या दिवशी गावाबाहेर होता म्हणून वाचला, पण त्याने एवढा धसका घेतला की पुढे दगडी घरात राहायलाच तयार होईना, टेकडीवर लाकडी बराकीत दरबार भरवायचा. वाडा गेला तरी त्या जागेला लोक अजून ‘तेरेइरु दु पासु’ म्हणजे वाड्याचं पटांगण असंच म्हणतात, अधिकृत नाव वेगळंच आहे.

बाइशातल्या गल्ल्या सरळ रेघेत, आणि नावं धंद्यांवरून. सोन्याची गल्ली, चांदीची गल्ली, चांभारांची, खोगीरवाल्यांची, मुलामा देणाऱ्यांची. मी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे आपली तांबट आळी, कासार आळी. झालं, टूरचं भाषांतर तिथेच संपलं, त्यांना शहर कळलं.

आता मुख्य गोष्ट. आल्फामामध्ये (जुनी वस्ती, नाव अरबीतून आलंय) एका बोळात एक आजी दारासमोरची पायरी धूत होत्या. बोळ इतका अरुंद की आम्ही एकामागे एक. सासूबाई मला म्हणाल्या, ‘अगं बादली बघ, पाय लागेल.’ आजींनी मान वर केली आणि म्हणाल्या, ‘बाल्द?’ सासूबाई म्हणाल्या, ‘हो, बादली.’ दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. मग सासूबाईंनी दाराच्या कुलपाला लटकलेल्या किल्लीकडे बोट केलं, ‘चावी.’ त्या म्हणाल्या, ‘शाव.’ मग बटाटा, मग काजू, मग पाव. गाईड पुढे किल्ल्याबद्दल सांगत होती आणि अर्धा ग्रुप मागे वळून या दोघींना बघत होता.

टीप आम्ही तिघांची मिळून ४० युरो दिली. बरोबर दिली का? नवरा म्हणतो जास्त झाली.

खटपट्या

छान लिहिलंय. पण बादलीवाली गोष्ट जरा व्हॉट्सअ‍ॅप छाप वाटते हो. चावीचं ‘शाव’ कसं होईल?

पायताण

@खटपट्या, मी स्वतः तिथे उभी होते! व्हिडिओ नाही काढला कारण एका हातात सासूबाई आणि दुसऱ्यात त्यांची पिशवी होती.

शब्दवेडा

खटपट्या, उलट ‘शाव’ ऐकू आलं म्हणूनच गोष्ट खरी वाटते. रचून सांगणाऱ्याने ‘चावे’ वगैरे लिहिलं असतं. आज लिस्बनमध्ये या शब्दाच्या पहिल्या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो आणि शेवटचा स्वर गिळतात, पण पोर्तुगीज आपल्याकडे आले त्या सोळाव्या शतकात तो उच्चार ‘च’ होता. आपण शब्द तेव्हा उचलला आणि तसाच ठेवला. म्हणजे त्या आजींपेक्षा सासूबाईंचा उच्चार जुन्या लिस्बनला जवळचा! बाकी यादी सगळ्यांना माहीत असते, बादली, पगार, परात, घमेलं, लिलाव, नाताळ, कोबी, अननस. हापूस म्हणजे अफोन्सो. ज्या अफोन्सोवरून म्हणतात तो अफोन्सो द अल्बुकर्क, १५१० मध्ये गोवा घेणारा, त्याच्या मुलाचं घर याच टूरच्या वाटेवर लागतं. नदीजवळ, दर्शनी भिंतीला टोकदार हिऱ्यासारखे दगड. दाखवलं का गाईडने?

पायताण

दाखवलं की! काझा दुश बिकुश. तेच लिहायचं राहिलं. गाईड म्हणाली हे १५२३ चं घर, भारताच्या गव्हर्नरच्या मुलाने बांधलं, वरचे दोन मजले भूकंपात गेले ते १९८० च्या दशकात परत चढवले, आता इथे सारामागु या नोबेलवाल्या लेखकाचं फाउंडेशन आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याची रक्षा पुरलीय. मी सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘भारताचा गव्हर्नर? याला कुणी केला?’

मी हसत हसत गाईडला सांगितलं. ती आधी हसली मग जरा थांबली. म्हणाली आम्हाला शाळेत हे सगळं ‘शोधांचं युग’ म्हणून शिकवतात, टूरमध्ये पण लोकांना मसाले आणि जहाजं ऐकायची असतात, गोव्याचा कुणी पाहुणा असला तरच प्रश्न येतात. प्रामाणिक वाटली. पण तीन तासात गोवा हा शब्द फक्त दोनदा आला, दोन्हीदा मिरीच्या शेजारी.

दर्यावर्दी

हेच. मी सात वर्षांपूर्वी केली होती टूर, वेगळा गाईड, तेच. नाट्यगृहासमोर इन्क्विझिशनबद्दल भडाभडा बोलला, पण गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत (मधली चार वर्षं सोडून) तेच चालू होतं त्यावर अक्षर नाही. आणि लिस्बनच्या बेलें भागात गेलात तर नदीकाठी ते जहाजाच्या आकाराचं भलंमोठं स्मारक, १९६० चं, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं, दर्यावर्दी ओळीने उभे. कोणी कुणाचा शोध लावला? कालिकत काय हरवलं होतं?

नीलमोहर

दर्यावर्दी, थोडं एकांगी होतंय. तिथे आतल्या आत वाद आहेच. लिस्बनच्या महापौरांनी ‘शोधांचं संग्रहालय’ काढायची कल्पना मांडली तेव्हा २०१८ मध्ये त्यांच्याच इतिहासकारांनी नावाला जाहीर विरोध केला होता. ‘शोध’ हाच शब्द नको म्हणून. तीन तासाच्या टूरमध्ये एका गरीब गाईडने सगळं साम्राज्य उलगडावं ही अपेक्षा जास्त आहे. आपल्याकडे शनिवारवाड्यावर गाईड अटकेपार झेंडे सांगतो, बंगालवरच्या स्वाऱ्या सांगतो का? तिकडे अजून बर्गींच्या (म्हणजे आपल्या मराठा स्वारांच्या) नावाने पोरांना झोपवतात.

दर्यावर्दी

अवांतर आहे पण मुद्दा मान्य. अर्धा.

चपलांचा_स्टँड

धागा छान. घसरलात ते कुठे? आणि कुठले शूज घालावेत? आई-बाबांना घेऊन सप्टेंबरला जायचंय.

वसईचा_पाव

वाचतोय. आमच्याकडून एक भर. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ ला, म्हणजे लिस्बनचा भूकंप झाला त्याच्या फक्त सोळा वर्षं आधी. वसई पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती, साष्टी, ठाणे, चौल सगळं त्यात, ते जाऊन दीड तप पण झालं नव्हतं आणि घरचं शहर कोसळलं. लहानपणी किल्ल्यात क्रिकेट खेळायचो तिथे बिनछपराची चर्चं आहेत, वेली चढलेल्या, वर आभाळ. लिस्बनला कार्मुचा मठ बघितला तर मला दोन मिनिटं कळेना मी कुठे उभा आहे. तसंच बिनछपराचं, कमानी नुसत्या बरगड्यांसारख्या. फरक एवढाच की यांचं छप्पर भूकंपाने नेलं आणि यांनी मुद्दाम परत बांधलं नाही, आणि आत तिकीट लावलं. आमच्याकडे तिकीट नाही आणि छप्पर का गेलं ते सांगणारा गाईड पण नाही. वसईच्या चर्चच्या घंटा मात्र आपल्या देवळांतून वाजतात, नाशिकला नारोशंकराची आहे, भीमाशंकरला आहे.

पायताण

@वसईचा_पाव, अंगावर काटा आला. आम्ही कार्मु बाहेरून बघितलं, आत टूर जात नाही. पण त्या बाहेरच्या चौकातच गाईड सगळ्यात छान बोलली. २५ एप्रिल १९७४. सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि पंतप्रधान काइतानु या चौकातल्या लष्करी पोलिसांच्या कचेरीत लपून बसला होता, बाहेर चिलखती गाड्या आणि माणसांची ही गर्दी, संध्याकाळी त्याने सत्ता सोडली. सैनिकांच्या बंदुकांत फुलं खोचलेली. ती फुलं आली कुठून तर सेलेश्त काएइरु नावाची एक बाई एका हॉटेलात कामाला होती, हॉटेलचा त्या दिवशी वाढदिवस म्हणून कार्नेशनची फुलं आणलेली, उठावामुळे हॉटेल बंद ठेवलं तर मालक म्हणाला फुलं घरी न्या. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगरेट मागितली. तिच्याकडे सिगरेट नव्हती. तिने फूल दिलं. ती उंचीने बुटकी होती, दीड मीटर, त्याच्यापर्यंत हात वर करून दिलं असं गाईडने स्वतः टाचा उंचावून करून दाखवलं.

@चपलांचा_स्टँड, घसरले किल्ल्यावरून उतरताना, रात्री थोडं भुरभुरलं होतं. काही मोडलं नाही, अब्रू गेली.

माड_आणि_पोफळी

गोव्याहून. तो २५ एप्रिल आमच्यासाठी पण महत्त्वाचा. इथे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला पण सालाझारने शेवटपर्यंत मानलं नाही. शेवटचा गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा, त्याला हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढा, त्याने माणसं मरू न देता शरणागती पत्करली, तर परत गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याची पदं परत दिली. आणि पोर्तुगालने गोव्यावर भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते त्याच १९७४ च्या ३१ डिसेंबरला, तेरा वर्षांनी. माझे आजोबा ‘सेगुंद ग्राव’ (पोर्तुगीज प्राथमिक शाळेचा दुसरा टप्पा) शिकलेले, मराठी वर्तमानपत्र वाचायचे, हिशेब पोर्तुगीजमध्ये करायचे आणि शिव्या कोकणीत द्यायचे.

लिस्बनला गेलात तर कुठल्याही साध्या कॅफेत काचेच्या कपाटात ‘शामुसा’ दिसेल. आमचाच समोसा. काही इथून गेला, काही मोझांबिकवरून फिरून गेला. आणि आंतोनियु कोश्ता, लिस्बनचे आधी महापौर, मग २०१५ ते २०२४ पंतप्रधान, त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. घरी त्यांना ‘बाबुश’ म्हणतात. सासूबाईंना सांगा, गव्हर्नर तिकडून इकडे आला तसा पंतप्रधान इकडचा तिकडे झाला.

पायताण

सांगितलं. म्हणाल्या, ‘मग फिटलं.’

खांब_तुळई

सिव्हिलवाला आहे म्हणून लिहितो, बाइशाबद्दल गाईड लोक अर्धंच सांगतात. भूकंपानंतर राजाचा मंत्री कार्व्हालु इ मेलु, जो पुढे पोंबालचा मार्क्विस झाला, त्याच्या हाताखाली मानुएल द माया, एउजेनियु दुश सांतुश, कार्लुश मार्देल हे लष्करी इंजिनिअर. जमीन दलदलीची म्हणून खाली लाकडी खुंट ठोकले. तळमजला दगडी कमानींचा. त्याच्यावर भिंतींच्या आत लाकडी सांगाडा, उभे आडवे आणि फुलीसारखे तिरपे वासे, त्याला ‘पिंजरा’ म्हणतात. विचार असा की हादरला तर दगडमाती पडेल पण पिंजरा उभा राहील. प्रतिकृती बांधून भोवती सैनिकांची पलटण दणादणा चालवून हादरे दिले असं सांगतात. शिवाय दोन इमारतींच्या मधली भिंत छपराच्या वर काढली, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. वरून बघितलंत तर अजून दिसते. आपल्या वाड्यांत पण लाकडी सांगाडाच असतो, खांब, तुळई, भिंत नुसती भरणीची, पण ते तिरपे वासे नसतात, तिथे फरक पडतो.

आणि पोंबालचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्याने गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ होता, समुद्र आधी ओसरला की चढला, विहिरींचं पाणी कमीजास्त झालं का, जमिनीला भेगा पडल्या का. देवाचा कोप का झाला हे विचारलंच नाही.

खटपट्या

हे भारी. मी टूरला मुद्दाम नाही म्हणतो, यूट्यूबवर सगळं फुकट असतं, पण हे यूट्यूबवर ऐकलं नव्हतं.

माजी_गाईड

टीपबद्दल. मी शिकताना दुसऱ्या एका युरोपियन राजधानीत दीड वर्ष या टूर केल्यात. ‘फुकट टूर’ हे नावच फसवं. बऱ्याच कंपन्या गाईडकडून येणाऱ्या दर माणशी ठरावीक रक्कम घेतात, म्हणजे तुम्ही काही न देता निघून गेलात तर तुमच्या डोक्याचे पैसे गाईडच्या खिशातून गेले. मी एकदा बावीस माणसं फिरवली, पावसात, शेवटच्या वळणावर निम्मी गळाली. त्या दिवशी माझ्या हातात उरलं तेवढ्यात एक सँडविच आलं. तीन तासाला माणशी १० ते १५ युरो ठीक. ४० तिघांचे म्हणजे अगदी बरोबर, यजमानांना सांगा गप्प बसा.

पायताण

दाखवलं त्यांना. गप्प आहेत.

चपलांचा_स्टँड

शूज?

सुगरण_नाही_मी

शाकाहारींसाठी काय? माझी मोठी जाऊ अंडं पण खात नाही.

पायताण

@सुगरण, जरा कठीण पण उपाशी नाही राहणार. दोन धोके सांगते. एक, हिरव्या कोबीच्या पानांचं बटाटा घातलेलं सूप सगळीकडे मिळतं, छान लागतं, पण त्यात शेवटी चोरिसोची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) चकती टाकतात, आधीच नको सांगायचं. दुसरा, तुम्ही बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. आपल्याला वाटतं कांदा-लिंबू दिल्यासारखं आहे. नाही. हात लावला की बिलात. आम्ही तिघांनी सगळं फस्त केलं आणि अकरा युरो नुसत्या पावाचे. नको असेल तर तसंच परत पाठवायचं, ते वाईट मानत नाहीत. क्रीमच्या त्या गोड पेस्ट्रीत अंड्याचा बलक असतो, जाऊबाईंना सांगू नका किंवा खाऊ घालू नका, तुमचं तुम्ही ठरवा.

आणि मुख्य बाजाररस्त्यावर माणसं जवळ येऊन हळूच हशीश हशीश करतात. आमच्या ह्यांना गाठलंच. घाबरून गाईडला विचारलं तर ती म्हणाली काही नाही, बहुतेक वेळा तमालपत्र दाबून वडी केलेली असते. सासूबाई म्हणाल्या, केवढ्याला देतोय?

शब्दवेडा

😀 सासूबाईंना स्वतंत्र आयडी काढून द्या.

जाता जाता, बेलेंच्या बुरुजावर गेंडा बघितलात का? गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने अल्बुकर्कला दिलेला, त्याने तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. युरोपात रोमन काळानंतर जिवंत गेंडा कुणी बघितलाच नव्हता. राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती गेंड्याला बघून पळाला. मग तो पोपला भेट म्हणून पाठवला, पायात साखळ्या, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं ते प्रसिद्ध चित्र काढलं ते गेंडा स्वतः न बघता, कुणाच्या तरी रेखाटनावरून. आणि पोर्तुगीजांनी त्याला काय नाव ठेवलं होतं माहितीय? ‘गांदा’. म्हणजे गेंडाच.

पायताण

गेलो होतो. टूरमध्ये येत नाही, बेलें लांब आहे, ट्रामने आपलं आपण जावं लागतं. बुरुजाच्या एका कोपऱ्यावरच्या चौकीखाली डोकं बाहेर काढलेला एक प्राणी आहे, पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने झिजून शिंग राहिलं नाही नाक राहिलं नाही. नवरा म्हणाला हाच तो गेंडा, सासूबाई म्हणाल्या डुक्कर आहे. तासभर वाद चालला. गांदाची गोष्ट आत्ता वाचून दाखवली. म्हणतात, ‘बिचारा, साखळ्या काढल्या असत्या तर पोहला असता.’

चपलांचा_स्टँड

तिसऱ्यांदा विचारतोय. शूज कुठले?

पायताण

अहो सॉरी सॉरी. मी सपाट तळाचे कॅनव्हासचे घातलेले, ते घालू नका. सासूबाईंनी पुण्यात लक्ष्मी रोडवरून घेतलेल्या रबरी तळाच्या काळ्या सँडल घातल्या होत्या, मोज्यांवर. त्या एकदाही घसरल्या नाहीत.

चपलांचा_स्टँड

लक्ष्मी रोडवर कुठे?